जन्मगावाचा रकाना

तुरी वाळल्या की त्यांच्यातून चालताना एक बारीक खुळखुळ सोबत येते. आपण थांबलो की तीही थांबते. मला मुलाखतीचं पत्र आलं त्या वर्षापासून हा आवाज मागून कुणीतरी येत असल्यासारखा वाटत आला आहे. पंधरा वर्षं झाली. यंदा पुन्हा तुरी वाळल्या आहेत, येळवस चार दिवसांवर आहे, आणि अंबील लावायला घरात माय नाही. ती आषाढात गेली.

काल बायकोने चुलीपासून विचारलं, "अत्याबाई अंबिलीत मीठ कवा घालत व्हत्या हो? आदी का मागून?" मला सांगता आलं नाही. ओसरीवर बसलेल्या अप्पांना, माझ्या वडिलांनाही, सांगता आलं नाही. मी पुस्तक उघडून बसलो. बराच वेळ तेच पान समोर होतं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या. आमच्या औरादच्या बाजूला, आणि थेट गुलबर्ग्यापर्यंत, त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, आणि मग जेवायचं. उंडे, भज्जी, गव्हाची खीर, मडक्यातली आंबट थंड अंबील. वाटेने जो जाईल त्याला हाक मारून बसवायचं. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे त्या दिवशी विचारत नाहीत. अनोळखी माणूस जेवून गेला तर रान पिकतं, असं माय म्हणायची. मला लहानपणी ही गोष्ट फार आवडायची. पुढे याच गोष्टीची धास्ती वाटायला लागली.

पत्र आलं तेव्हा मी हैदराबादेहून बी.ए. होऊन घरी आलो होतो आणि सहा महिने अर्ज करत होतो. चावडीच्या शिपायाने ते शेतात आणून दिलं. पिवळसर कागद, उर्दू अक्षरं, खाली निळ्या शाईची गोल मोहोर. अप्पा तूर कापत होते. त्यांना कुठलीच अक्षरं वाचता येत नाहीत, तरी ते माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत राहिले.

"काय लिवलंय?"

"गुलबर्ग्याला बोलावलंय. मदरशात, मंजी सरकारी शाळंत, मास्तरची जागा हाय. येळवशीच्या तिसऱ्या दिवशी."

"मग तोंड कामून उतरलंय तुजं?"

"मुल्की असल्याचा दाखला मागायलेत."

"मंजी काय?"

"मंजी," मी म्हणालो, "जन्म ह्या मुलखातला पाहिजे."

अप्पांनी विळा खाली ठेवला.

हैदराबादेत वसतिगृहात आम्ही रोज रात्री याच गप्पा मारायचो. अमका बाहेरचा निघाला, त्याचं नाव यादीतून गेलं. तमक्याने खोटा दाखला दिला, त्याच्या बापाला कचेरीत नेऊन बसवलं. मुल्की आणि गैरमुल्की हे दोन शब्द आम्ही ताप आलेल्या माणसाने पाणी मागावं तसे पुन्हा पुन्हा बोलत असू. नियम कुणी वाचलेला नव्हता. मीही नाही. पण गावात उर्दू वाचणारा पदवीधर मी एकटा होतो, आणि मी सांगितलेल्या अर्थावर शंका घेईल असं तिथे कुणी नव्हतं.

माझा जन्म आजोळी झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणाला विचारावंही लागत नाही. मायचं माहेर बार्शीजवळ, म्हणजे इंग्रजी मुलखात. लातूरहून छोट्या रेल्वेने गेलं की मध्येच कुठेतरी आमची निजामाची मोगलाई संपायची आणि इंग्रजांचं राज्य सुरू व्हायचं. माती तीच, ज्वारी तीच, खिशातला पैसा तेवढा बदलायचा. त्या हद्दीपलीकडच्या एका खोलीत मी पहिल्यांदा रडलो होतो, एवढाच माझा गुन्हा.

मायला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "मी कुठं चुकले?" ती म्हणाली. "पयलं बाळतपण कुणी सासरी करतंय व्हय?" तिला कुणी चुकलीस म्हटलं नव्हतं. पण तिचा हात भाकरीवर तसाच थांबला होता.

दोन दिवसांनी अप्पा मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. गिरदावर, म्हणजे आमच्या भागाचा महसुली अंमलदार, चांगला माणूस होता. त्याने विचारलं, अप्पांनी सांगितलं, त्याने लिहिलं. नाव, बापाचं नाव, धंदा, गाव. मग त्याने टाक दौतीत बुडवला आणि न बघताच विचारलं, "पैदाइश?"

अप्पा म्हणाले, "हितलीच, सरकार. माज्या घरातली."

टाक कागदावर कुरकुरला. अंगठा उठवून आम्ही बाहेर आलो. अप्पांनी शाई पुसायला मूठभर माती घेतली आणि विहिरीवर जाऊन हात धुतला. शाई गेली तरी ते धूतच होते. मी बादली धरून उभा होतो. हा माणूस दुसऱ्याचं वासरू आपल्या रानात शिरलं तर त्याला ओंजळीने पाणी पाजून मालकाच्या दारी नेऊन बांधायचा. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

त्या संध्याकाळी ते मायला म्हणाले, "आता तिकडं जायचं न्हाई. तिकडून कोण यायचंबी न्हाई. पोराची नोकरी पक्की होईस्तोवर."

"मंजी किती दिस?"

"मला काय ठावं? एकांद्यानं बोट दाकवलं, ह्येचं आजोळ तिकडं हाय म्हणून, की खणतच जातेत मानसं. जन्म कुटं झाला, सुईण कोण व्हती..."

माय म्हणाली, "येळवशीला दादा येईल की." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. तो दर येळवशीला येत असे. आता त्याला येऊ नको म्हणून कळवायचं कसं? पत्र टाकलं तर पत्र म्हणजेच पुरावा. पत्राची भीती वाटणारं घर, आणि त्या घरातला मी बी.ए.

येळवस उजाडली. दाखला वेळेवर केला म्हणून अप्पांनी गिरदावराला जेवायला बोलावलं होतं. न बोलावणं बरं दिसलं नसतं. तो कोपेपुढे सतरंजीवर बसला, अंबिलीचं भांडं दोन्ही हातांनी धरून, आणि खूश होता. माय वाढत होती. मी दर दोन घासांनी वाटेकडे बघत होतो. गावातल्या लोकांना मामा ठाऊक होता, पण सगळे आपापल्या रानात होते. वाट रिकामी होती. तीन प्रहर होत आले तेव्हा मला वाटायला लागलं, यंदा तो येत नाही.

तेवढ्यात तुरीतून खुळखुळ आली. मामा वाटेने न येता रानातून, जवळच्या रस्त्याने आला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर नवी कोरी काळी घोंगडी. तोंड हसरं, काहीतरी बोलायला उघडलेलं. माय त्याच्यापुढे झाली. माझ्या आयुष्यात तिला इतक्या भरभर चालताना मी बघितलं नाही.

"या घोंगडीवाले," ती मोठ्याने म्हणाली. "आज येळवस हाय. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

मामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने एकदा सतरंजीवर बसलेल्या गिरदावराच्या टोपीकडे बघितलं, एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे. पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

"वाडा की बाई," तो म्हणाला. "लांबून आलोय. लई भूक लागलीया."

तो आमच्यापासून हातभर लांब, परक्या माणसासारखा बसला. गिरदावराने मान वळवून विचारलं, "किधर के हो जी?"

"आमचं काय सायेब. जितं थंडी तितं आमी."

गिरदावर हसला. घोंगडी ओढून घेऊन त्याने बोटांनी चाचपली. "बेचते हो की ओढके फिरते हो? नरम है. लाओ, हमें दे दो. कितने?"

मामाने किंमत सांगितली. ती त्याने कुठून काढली कोण जाणे. ती घोंगडी त्याने माझ्यासाठी आणली होती हे मला तेव्हाच कळलं होतं. नोकरीसाठी परगावी जाताना थंडी वाजेल म्हणून. गिरदावराने निम्म्यावर आणली आणि मामा म्हणाला, "घ्या. तुमी खूश तर आमी खूश." पैसे त्याने पागोट्यात बांधले. माय त्याच्या पानात भज्जी वाढतच होती. पान भरून सांडायला लागलं तरी थांबत नव्हती.

"पुरे की बाई," तो हळू म्हणाला. "म्या जेवलो."

तो उठताना एरवी ती त्याच्या पायाला हात लावायची. त्या दिवशी तिने फक्त खरकटं उचललं. तो तुरीतून परत गेला. बराच वेळ शेंगा वाजत होत्या.

त्यानंतर मामा आमच्या गावी आला नाही. कामून, म्हणून त्याने कधी विचारायला माणूस पाठवला नाही. तो सगळं समजला होता, आणि त्याच्या त्या समजण्याची मला आजही भीती वाटते.

तिसऱ्या दिवशीची मुलाखत. बिदरच्या एका शिंप्याकडून मागून आणलेली शेरवानी घालून मी हुमनाबादच्या मोटारीत बसलो. शेरवानी दोन बोटं सैल होती. निर्ण्याच्या अलीकडे मोटार बंद पडली. लोक उतरून उन्हाला उभे राहिले. मी खिशातल्या दाखल्यावर हात ठेवून आतच बसून होतो. एका शेतकऱ्याने खिडकीतून डोकावून विचारलं, "काय नवरदेव, वऱ्हाड मागं ऱ्हायलं व्हय?"

"मुलाखतीला जायलोय."

"मग हसा की जरा. असलं तोंड बघून पोरगी कोण देईना, नोकरी कोण देतंय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसभरातलं तेवढं एक हसू मला आठवतं.

गुलबर्ग्याच्या कचेरीत लांबलचक ओसरी होती. आम्ही सहाजण बाकावर. एकेकाचं नाव पुकारलं जायचं, दार लागायचं, आणि आतला आवाज बाहेर यायचा नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आत जाऊन सलाम केला आणि खुर्चीच्या कडेवर बसलो. समोर तिघं. मधले वयस्क, चष्म्यातून वर बघणारे.

"वतन?"

मी सांगितलं.

"वालिद भी वहीं के?"

"जी."

"दादा?"

"जी, वे भी."

"कितनी पुश्तों से?"

मला वाटलं, हे विहिरीभोवती फिरत आहेत. एकेक फेरा लहान होत चाललाय. आता वाकून आत बघतील. "पाच," मी म्हणालो. त्यांनी कडेला काहीतरी लिहिलं आणि दाखला उचलला.

"पैदाइश भी वहीं?"

"जी."

एवढासा शब्द. तो तोंडातून गेला आणि मला कचेरीच्या विहिरीवर हात धुणारे अप्पा दिसले. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी तो नीट बघितलाही नसावा. मग विचारलं, मुलाने धडा पाठ केला नाही तर काय कराल? मी म्हणालो, फिर से पढाऊंगा. पुन्हा नाही केला तर? फिर से. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"काँपते क्यों हो?"

"सर्दी है, सरकार."

बाहेर दुपारचं ऊन होतं. तिघंही हसले. संक्रांतीनंतर नेमणुकीचा कागद आला.

लोक म्हणतात, नोकरी लागली की भीती जाते. माझी तेव्हा सुरू झाली. प्रत्येक बदलीत माझी मिसल, म्हणजे सरकारी कागदांची पिशवी, माझ्याआधी नव्या गावी पोचलेली असायची. नवा अधिकारी ती उघडून बसलेला असला की मी दाराशी उभा राहून त्याचं बोट कुठल्या ओळीवर आहे ते बघायचो. माझ्या बायकोचं माहेर भालकीजवळचं मेहकर, आमच्याच मुलखातलं. तरी तिचं पहिलं बाळंतपण मी तिकडे होऊ दिलं नाही. तिची आई रुसली, ती स्वतः रडली, माय मात्र काही बोलली नाही. तिने गुपचूप बाळंतिणीसाठी न्हाणीघर सारवलं.

अप्पा आधी म्हणाले होते, नोकरी पक्की होऊ दे. पक्की झाली. मग म्हणाले, ह्यो अंमलदार जाऊ दे. गेला. मग कुणी काही म्हणेनासं झालं, आणि माय बार्शीला गेली नाही ती नाहीच. ती पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. देवाच्या, आईबापाच्या, लेकाच्या. भावाच्या ओव्या तिने सोडून दिल्या. जिथे भाऊ यायला हवा तिथे आली की गप्प व्हायची आणि नुसतं जातं फिरत राहायचं. मग पुढची ओवी. मी सुट्टीत घरी असलो की अंथरुणात पडून त्या रिकाम्या जागा ऐकायचो.

मामा गेल्याचं एका बैलव्यापाऱ्याने सांगितलं, तेही महिना उलटून गेल्यावर. भर दुपारी माय गोठ्यामागे जाऊन डोक्यावरून पाणी ओतून आली. ओल्या केसांनी चुलीपाशी बसली. मी विचारलं, "माय, रडायलीस का?"

"मी कुठं रडायले? अंग चिकट झालतं म्हणून न्हाले."

तिच्या पाठीवरून पाणी निथळत होतं आणि मी तिथून उठून गेलो. मी काही बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, रस्त्याने माणसं जात होती, म्हणून बोललो नाही.

गेल्या महिन्यात मुलाच्या वजिफ्यासाठी, म्हणजे शिष्यवृत्तीसाठी, मुल्की दाखला करायला कचेरीत गेलो. म्हातारा कारकून माझ्या ओळखीचा. त्याने रकाने भरायला घेतले. तो विचारायच्या आधीच मी म्हणालो, "पैदाइश यहीं की है. घर की."

"वह किसने पूछा, मास्टरसाब?" तो म्हणाला. "बाप मुल्की तो बेटा मुल्की. फिर वह लंदन में पैदा हो."

मी म्हणालो, हा नियम नवा असेल. तो म्हणाला, मी नोकरीत आलो तेव्हापासून हाच आहे. मी पुस्तक मागितलं. त्याने कपाटावरून काढून, धूळ झटकून दिलं. मी उभ्यानेच वाचलं. साधं, सरळ वाक्य होतं. शाळेतल्या मुलाला अर्थ विचारावा इतकं सोपं. ते वाक्य तेव्हाही तिथेच होतं. मी वाचलं नव्हतं, आणि न वाचताच सांगितलं होतं. पिढ्या विचारल्या तेव्हा साहेबांना जे हवं होतं ते मिळालं होतं. पुढचा प्रश्न त्यांनी केवळ कागदावर होता म्हणून विचारला.

मायला जाऊन चार महिने झाले होते.

कालची गोष्ट आहे. मीठ विचारून बायको आत गेली आणि अप्पा ओसरीवरून म्हणाले, "बार्शीला कागद लिव."

मी पुस्तकातून वर बघितलं.

"तुज्या मामाच्या पोरांना. दोगं हायत. बोलीव त्यांना."

"येळवशीला?"

"येळवशीला नगं. त्या दिशी कोणबी येतंय. सादा वार बग. पाव्हणे म्हणून येऊ देत." मग अंगणात बघत ते म्हणाले, "पंदरा वर्सांत एकदाबी म्हणली न्हाई, मला जाऊ द्या म्हणून. म्हणली असती तर मी नगं म्हणलो असतो. ते तिला ठावं व्हतं. म्हणून म्हणली न्हाई."

मी पुस्तक मिटलं.

"खोटं मी बोललो. नेलं मला तर नेऊ देत, आता काय ऱ्हायलंय. तुज्या नोकरीला काय व्हईल का रे?"

काही होणार नाही, हे माझ्या जिभेवर होतं. ते खरं होतं. पण ते ऐकून अप्पांनी विचारलं असतं, तुला कसं ठावं? कवापासून ठावं? आणि मग पंधरा वर्षांपूर्वी तुरीत उभं राहून कुणी काय अर्थ सांगितला होता, तिथवर आम्ही दोघं चालत गेलो असतो. ऐंशीला टेकलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचं ते खोटं बोलणं, ते हात धुणं, तिचं ते गप्प बसणं, कशाचीच गरज नव्हती?

"बघू अप्पा," मी म्हणालो.

"भ्यालास?"

"व्हय."

"मीबी भ्यालोय," ते म्हणाले. "तरी लिव."

मी दौत-टाक घेऊन त्यांच्यापाशी बसलो. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. तुमची आत्या गेली. आम्ही चुकलो. दोघंही या, बायकापोरं घेऊन या, दिवसाउजेडी या. एवढं सांगून ते थांबले. मी थांबलो नाही. त्यांच्या ओळींखाली मी कारकुनाचं बोलणं लिहिलं, नियमाचं वाक्य लिहिलं, चूक तुमच्या आत्याची नाही, अप्पांचीही नाही, माझी आहे, असं लिहिलं. अप्पा माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते.

"अजून काय लिवायलास एवढं?"

"वाट लिवायलोय, अप्पा," मी म्हणालो. "त्यांनी आपलं गाव कवा बगितलंय?"